स्टार्ट मेनू बदलण्याआधी दिवाणजींच्या शेजारी तासभर बसा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका तरुण मालकाने विचारलं आहे: ऑफिसात आठ कॉम्प्युटर आहेत. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून सगळ्यांवर विंडोज ११ घेतलं. तेव्हापासून वडिलांच्या काळातले दिवाणजी रोज अडतात. स्टार्टचं बटण मधोमध गेलं, प्रोग्रॅमची यादी सापडत नाही, हवं ते सोडून भलतंच समोर येतं. जुन्यासारखा मेनू करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात असं ऐकलंय. ती टाकावीत का, कोणतं टाकावं, आणि मशीनला किंवा टॅलीच्या डेटाला त्याचा धोका आहे का?

भाऊ, टाका. ‘ओपन-शेल’ टाका. फुकट आहे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, सगळ्यांसाठी खुला आहे आणि टॅलीच्या डेटाशी त्याचा काही संबंध येत नाही. पण ते टाकण्याआधी एक काम करावं लागेल. ते केलं नाही तर मेनू जुन्यासारखा दिसेल आणि दिवाणजी तरीही अडतील. सोलापुरात चोवीस वर्षं मी हीच कामं करतो. नवी पेठेतली दुकानं, सीएंची ऑफिसं, पूर्व भागातले यंत्रमागाचे कारखाने, मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या पेढ्या, सगळीकडे हीच तक्रार ऐकली आहे. सुरुवातीला मीही नुसतं सॉफ्टवेअर टाकून यायचो आणि आठवड्याने परत फोन यायचा. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी दिवाणजींची बाजू समजून घ्या. स्टार्टचं बटण पहिल्यांदा आलं ते विंडोज ९५ मध्ये, २४ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हापासून ते खाली डाव्या कोपऱ्यात होतं. एक्सपी आलं, व्हिस्टा आलं, विंडोज ७ आलं, मेनूचं रूप बदललं, व्हिस्टापासून मेनूतच शोधपेटी आली, पण कोपरा बदलला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते बटणच काढून टाकलं आणि अख्ख्या स्क्रीनभर चौकोन पसरले. लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. विंडोज १० मध्ये, २०१५ साली, मेनूही परत आला. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि बटण मधे सरकलं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं न बघता माउस खाली डावीकडे नेला आहे, त्याला तुम्ही ‘शिकून घ्या’ म्हणता तेव्हा त्याच्या हाताला सगळं नव्याने शिकावं लागतं. डोळे, हात, क्रम, सगळं. त्यांना समजत नाही असं अजिबात नाही. त्यांची खातेवही आजही तुमच्या माझ्यापेक्षा चोख असते.

मागच्या वर्षी तुमच्यासारख्याच एका कारखान्यात गेलो होतो. तिथले दिवाणजी अडुसष्ट वर्षांचे. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, तुम्ही रोजचं काम करा, मी फक्त बघतो. त्यांनी माउस कोपऱ्यात नेला, तिथे काही नव्हतं, मग हात मधे आणला. ‘आवो, ते इथं होतं की वो कोपऱ्यात. आता रोज हुडकायचं.’ मी वही काढली आणि ते काय काय उघडतात ते वेळेसकट लिहीत गेलो. सकाळी टॅली. लगेच सुताच्या आवकेची एक्सेल शीट. मग कालच्या मालाची ई-वे बिलं. दुपारी बँकेची साइट, व्हॉट्सअॅप, स्कॅनर. मधे तीन वेळा कॅल्क्युलेटर, तोही कीबोर्डवर नाही, मेनूतून. शनिवारी कामगारांच्या आठवड्याच्या पगाराची शीट. महिन्याला जीएसटीचं पोर्टल. आणि कधीतरी, पण अगदी घाईत, मागच्या सालांचा डेटा ठेवलेलं फोल्डर. एकूण दहा गोष्टी. त्यांच्या मशीनच्या यादीत नावं मोजली तर त्र्याण्णव. त्यात प्रिंटर कंपनीची सहा, कधी न उघडलेले खेळ, तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचं रिकामं फोल्डर. त्र्याण्णवांत दहा हुडकायची, हीच त्यांची खरी अडचण होती. कोपरा गेल्याने ती उघड्यावर आली एवढंच.

म्हणून आधी हा तास द्या. दिवाणजींना ‘तुम्हाला काय काय लागतं’ असं विचारून भागत नाही. विचारलं की माणूस टॅली आणि एक्सेल एवढंच सांगतो. बसून बघितलं की बाकीचं कळतं.

यादी हातात आली की मेनूचं घर बघायचं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, पण स्टार्ट मेनूतली प्रोग्रॅमची यादी म्हणजे मुळात साधं फोल्डर असतं आणि त्यात शॉर्टकट ठेवलेले असतात. अशी दोन फोल्डर असतात: एक त्या मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांसाठी, दुसरं फक्त चालू युजरसाठी. दोन्हींची मिळून एक यादी दिसते. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून रनची पेटी उघडा. तिच्यात इंग्रजीत ‘शेल’, मग कोलन, मग ‘प्रोग्रॅम्स’ असं जागा न सोडता लिहिलं की युजरचं फोल्डर उघडतं. सगळ्यांचं हवं असेल तर कोलननंतर ‘कॉमन’, एक जागा, मग ‘प्रोग्रॅम्स’. कारखान्याच्या कामाचे शॉर्टकट या दुसऱ्या, सगळ्यांच्या फोल्डरमध्येच ठेवा. तिथे काही हलवायला किंवा पुसायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, त्यामुळे कोणाच्या हातून चुकून ई-वे बिल गायब होत नाही.

या फोल्डरमध्ये ‘रोजचं काम’ नावाचं नवं फोल्डर करा. ज्याचा शॉर्टकट हवा ती फाइल किंवा फोल्डर उजव्या बटणाने ओढून तिथे सोडा, छोटा मेनू येतो, त्यात शॉर्टकट तयार करायचा पर्याय निवडा. मूळ फाइल जागेवरच राहते. हे दिवाणजींना आवर्जून सांगा, कारण पगाराची शीट मेनूत दिसली की अनेकांना वाटतं ती तिकडे गेली. शीट दुसऱ्या मशीनवर असेल तर शॉर्टकट त्या मशीनच्या नावाने करा, झेड ड्राइव्ह किंवा वाय ड्राइव्ह अशा अक्षराने नको. अक्षर प्रत्येक मशीनवर वेगळं निघू शकतं आणि मग आठपैकी तीन ठिकाणी शॉर्टकट चालत नाही.

नावं मराठीत द्या. ‘सूत आवक’, ‘आठवड्याचा पगार’, ‘मागच्या सालांचा हिशोब’. लोक ज्या नावाने हाक मारतात तेच नाव. इथे दोन खाचाखोचा आहेत आणि दोन्हींनी मला पूर्वी त्रास दिला आहे. पहिली अशी की आपल्याकडे अजून पुष्कळ ऑफिसांत जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टायपिंग चालतं. त्या पद्धतीने शॉर्टकटचं नाव लिहिलं तर मेनूत इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते, कारण मेनू तुमचा फाँट वापरत नाही, विंडोजचा वापरतो. नाव युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहायला हवं. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. भाषेच्या सेटिंगमधून तो चालू करा, इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची सरकारी मांडणी) येत नसेल तरी चालेल. दुसरी खाच क्रमाची. मेनू अकारविल्हे लागतो आणि त्यात आकडे आधी, मग इंग्रजी, देवनागरी शेवटी येतं. म्हणजे मराठी नावं दिली की ती नेमकी तळाला जातात. उपाय सोपा आहे. नावाच्या आधी इंग्रजी कीबोर्डवरचे दोन आकडे लावा: शून्य एक टॅली, शून्य दोन सूत आवक, शून्य तीन ई-वे बिल. फोल्डरच्या नावाआधीही शून्य शून्य लावा. मग दिवाणजींचा क्रम तसाच्या तसा वर येतो. एक आकडा लावू नका, दोन लावा. पुढे यादी वाढली तरी बघायला ती एका ओळीत नीट दिसते.

वेबसाइटही मेनूत ठेवता येतात आणि त्या ठेवाच. ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल उघडून, पत्त्याच्या सुरुवातीचं छोटं चिन्ह धरून फोल्डरमध्ये ओढलं की शॉर्टकट तयार. यात सोयीपेक्षा मोठा फायदा सुरक्षिततेचा आहे. ऑफिसातली पोरं रोज गुगलमध्ये बँकेचं नाव टाकून वरची पहिली लिंक दाबतात. वरची लिंक कधी जाहिरात असते, कधी हुबेहूब दिसणारी नकली साइट. मेनूतला शॉर्टकट दर वेळी तुम्ही एकदा खात्री करून घेतलेल्या पत्त्यावरच नेतो. बँकेच्या बाबतीत मी हे सगळीकडे करून देतो, कोणी मागितलं नाही तरी.

आता उरलेली नावं. प्रिंटरची सहा, रिकामी फोल्डरं, मदत-फाइलींचे शॉर्टकट, हे सगळं ‘इतर’ नावाच्या एका फोल्डरमध्ये ढकला. पुसू नका, ढकला. शॉर्टकट पुसल्याने प्रोग्रॅम जात नाही हे खरं, पण सहा महिन्यांनी स्कॅनर बिघडतो आणि तेव्हा त्यातलंच एखादं लागतं.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरचा विषय. कोणी विचारेल, फोल्डर नीट लावल्यावर वेगळं सॉफ्टवेअर कशाला? विंडोज ११ मध्येही टास्कबारच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या, सेटिंगमधून बटण डावीकडे नेता येतं, मेनूत जास्त पिन (वर अडकवून ठेवलेले प्रोग्रॅम) दिसतील असा पर्याय आहे, बंद करण्याच्या बटणाशेजारी डॉक्युमेंट, डाउनलोड अशी फोल्डर लावता येतात. ज्याला सहा-सात प्रोग्रॅम लागतात, त्याला एवढं पुरतं. तुमच्या आठपैकी दोन-तीन मशीनना हेच करा, बाहेरचं काही टाकू नका. पण विंडोजचा स्वतःचा मेनू फोल्डरच्या आतली फोल्डरं मानत नाही, सगळं एकाच पातळीवर सपाट करून दाखवतो. ‘मागच्या सालांचा हिशोब’ आणि त्याच्या आत सालवार फोल्डरं, अशी रचना तिथे बसत नाही. ओपन-शेलमध्ये बसते. माउस नेला की एकातून एक मेनू उलगडत जातो, जसा एक्सपीत उलगडायचा. दिवाणजींना हवंय ते हेच.

ओपन-शेलचा वंश जुना आहे. इव्हो बेल्चेव नावाच्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये ‘क्लासिक शेल’ सुरू केलं. विंडोज ८ च्या काळात ते घरोघरी पोहोचलं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि सोर्स कोड खुला करून टाकला. पुढे स्वयंसेवकांनी तेच काम ‘ओपन-शेल’ नावाने चालू ठेवलं. त्यामुळे क्लासिक शेल आजही कुठे मिळालं तरी ते टाकू नका, ते तिथेच थांबलेलं आहे.

घ्यायचं कुठून, याबद्दल मी फार कडक आहे. गिटहब या सोर्स कोड ठेवायच्या साइटवर ओपन-शेल प्रकल्पाचं पान आहे, तिथल्या रिलीजमधूनच. ऑगस्ट २०१६ मध्ये एका नावाजलेल्या डाउनलोड साइटमध्ये हॅकर घुसले आणि त्यांनी क्लासिक शेलच्या जागी स्वतःची फाइल ठेवली. ज्यांनी ती चालवली त्यांच्या हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग, ज्यावरून मशीन चालू होतं, तो खराब झाला आणि कॉम्प्युटर उठेनात. काही तासांत ते लक्षात आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. हे मूळ सॉफ्टवेअरमध्ये दोष असल्याने घडलं नव्हतं, वाटेवर घडलं. आपल्याकडे रोज घडतं ते याहून साधं. मार्केट यार्डातल्या एका पेढीवर मुलाने नाव गुगलमध्ये टाकून पहिली लिंक घेतली. मेनू आला, पण सोबत ब्राउझरचं मुखपृष्ठ बदललं, कोपऱ्यात जाहिराती येऊ लागल्या आणि ‘तुमचं मशीन धोक्यात आहे’ अशा चौकटी दर तासाला. सगळं काढायला माझी अख्खी दुपार गेली. पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरचं ‘क्रॅक’ व्हर्जन पेन ड्राइव्हवर फिरतं, तेही घेऊ नका. ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं त्यावर तर नाहीच नाही.

इन्स्टॉल करताना ते काय काय हवं ते विचारतं. फक्त मेनूची खूण ठेवा. क्लासिक एक्सप्लोरर आणि इंटरनेट एक्सप्लोररचा भाग काढून टाका. विंडोज ११ वर त्यांचा उपयोग नाही आणि नको तिथे ढवळाढवळ होते. मग सेटिंगची खिडकी उघडते. पहिल्यांदा तीन चित्रं दिसतात: एकाच रकान्याचा जुना मेनू, दोन रकान्यांचा आणि विंडोज ७ सारखा. दिवाणजी कशावर शिकले ते विचारा. मी अंदाजाने विंडोज ७ वाला लावायचो, पण पंचाण्णव-अठ्ठ्याण्णवपासून बसलेल्यांना एकाच रकान्याचा मेनू बघून जो जीव भांड्यात पडतो तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वर ‘सगळी सेटिंग दाखवा’ अशी खूण आहे. ती लावली की पानं खूप वाढतात, घाबरू नका, आपल्याला मोजकीच लागतात. कंट्रोलच्या पानावर डाव्या क्लिकने ओपन-शेलचा मेनू आणि शिफ्ट धरून क्लिक केलं तर विंडोजचा मूळ मेनू, असं ठेवा. म्हणजे तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर मूळ मेनू हाताशी राहतो. टास्कबारवरचं स्टार्टचं बटण डावीकडे आधीच नेलेलं असू द्या, नाहीतर नवं बटण एकीकडे आणि जुनं दुसरीकडे असा गोंधळ होतो. उपमेनू किती वेळाने उघडावा याचा आकडा थोडा वाढवा. ज्यांचा हात जरा थरथरतो त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर माउस एका नावावरून दुसऱ्यावर जाताना भराभर मेनू उघडतात आणि मिटतात. स्किनच्या, म्हणजे मेनूच्या रंगरूपाच्या, पानावर प्रत्येक स्किनचे स्वतःचे पर्याय असतात, त्यात अक्षर आणि चिन्हं मोठी करायची सोय बघा. शोधपेटीतून इंटरनेटवर शोधायचा पर्याय बंद करा.

आणि ओढून हलवण्याची सोय बंद करा, न विसरता. जुन्या धाटणीच्या मेनूत नाव धरून ओढलं की ते दुसरीकडे जाऊन बसतं. क्लिक करताना बोट जरा रेंगाळलं की हेच होतं. ‘टॅली गेली’ असे जे फोन मला येतात, त्यातल्या बहुतेक वेळा टॅली जवळच्याच कुठल्या तरी फोल्डरमध्ये जाऊन पडलेली असते.

सगळं मनासारखं झालं की सेटिंगच्याच खिडकीत खाली बॅकअपचं बटण आहे. त्यातून सगळं एका एक्सएमएल फाइलमध्ये साठवा. ती फाइल आणि ‘रोजचं काम’ फोल्डर, दोन्ही पेन ड्राइव्हवर ठेवा. बाकीच्या मशीनवर हेच दोन तुकडे न्यायचे आहेत. ओपन-शेलची सेटिंग युजरवार असतात, त्यामुळे एका मशीनवर दोघं वेगवेगळ्या नावाने बसत असतील तर फाइल दोनदा लावावी लागते.

तुमचा धोक्याचा प्रश्न. ही सॉफ्टवेअर विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये शिरून काम करतात. एक्सप्लोरर म्हणजे टास्कबार, डेस्कटॉप आणि फोल्डरच्या खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम. स्टार्टवरची क्लिक आणि विंडोजचं बटण ती मधेच पकडतात आणि स्वतःचा मेनू दाखवतात. टॅलीचा डेटा, एक्सेलच्या फाइली, यांना ती हात लावत नाहीत. पण एक्सप्लोररच्या पोटात शिरल्यामुळे विंडोजचं मोठं अपडेट आलं आणि आतली रचना बदलली तर मेनू उघडत नाही, किंवा टास्कबार चमकून नाहीसा होतो. अशा वेळी मशीन गेलं असं समजू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तो टास्कबार नसतानाही उघडतो. त्यातून नवा टास्क चालवायचा पर्याय घ्या, कंट्रोल पॅनल उघडा आणि तिथून सॉफ्टवेअर काढून टाका. रीस्टार्ट केलं की विंडोजचा मूळ मेनू जागेवर येतो. तुम्ही लावलेलं ‘रोजचं काम’ फोल्डर तेव्हाही तसंच असतं, कारण ते विंडोजच्या घरात आहे, ओपन-शेलच्या नाही. आधी फोल्डर लावा असं मी म्हणतो त्याचं मोठं कारण हे आहे.

बाकीची नावं तुम्हाला ऐकायला मिळतील म्हणून थोडक्यात. ‘स्टार्टऑलबॅक’ विकत घ्यावं लागतं, १०० दिवस फुकट वापरून बघता येतं. टास्कबारही विंडोज ७ सारखा करून देतं आणि दिसायला सगळ्यांत सफाईदार आहे. स्टारडॉक कंपनीचं ‘स्टार्ट११’ हेही विकतचं. ही कंपनी विंडोज ८ च्या वेळी ‘स्टार्ट८’ घेऊन आली होती, तेव्हापासून टिकून आहे. ज्या ऑफिसला बिल आणि सपोर्ट लागतो त्यांना मी हे सुचवतो. ‘एक्सप्लोररपॅचर’ फुकट आहे आणि भरपूर काही करतं, पण ते एक्सप्लोररमध्ये फार खोल शिरतं. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची चाचणी चालू होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररपॅचर आणि स्टार्टऑलबॅक असलेल्या मशीनवर अपग्रेड अडवलं होतं. घरच्या मशीनवर हौसेने वापरा, ज्यावरून रिटर्न भरायचं असतं त्या मशीनवर नको.

मोठ्या अपडेटच्या आधी माझा नियम साधा आहे. एक्सएमएल साठवायची, मेनूचं सॉफ्टवेअर काढायचं, अपडेट होऊ द्यायचं, नवी आवृत्ती आली असेल तर ती टाकायची आणि एक्सएमएल परत लावायची. हे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जीएसटीच्या तारखा टाळून करा. उन्हाळ्यात दुपारी तर करूच नका. मे महिन्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि अपडेट अर्धवट असताना यूपीएसने मान टाकली तर मेनू बाजूलाच राहील, अख्खं मशीन उभं करायची वेळ येईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण आठ मशीन म्हणजे त्यात एखादं जुनं असणारच, जे विंडोज ११ साठी पात्र नाही आणि कुणीतरी आडवाटेने ते बसवलं आहे. असं असेल तर त्या मशीनवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या फुकट सिस्टीमचा विचार करा, विशेषतः ते फक्त ब्राउझर आणि व्हॉट्सअॅपसाठी असेल तर. मिंटचा मेनू मुळातच डाव्या कोपऱ्यात आहे आणि त्यावर उजवी क्लिक करून थेट संपादन करता येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात मराठी नावाची स्वतंत्र ओळ लिहिता येते. मशीनची भाषा मराठी ठेवली की मेनूत मराठी नाव, इंग्रजी ठेवली की इंग्रजी. टॅलीसाठी मात्र विंडोजच ठेवा.

आता क्रम. आठही मशीन एका दिवशी करू नका. आधी फक्त दिवाणजींचं करा आणि पंधरा दिवस जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात ते दोन-तीन गोष्टी मागतील ज्या तुमच्या वहीत आल्या नव्हत्या. मी सांगितलेल्या त्या कारखान्यात चौथ्या दिवशी फोन आला होता, वीज बिलाची जुनी पावती ज्या फोल्डरमध्ये असते ते हवं होतं. शून्य अकरा करून लावलं. त्यानंतर तिथून फोन आला तो प्रिंटरच्या टोनरसाठी. पंधरा दिवसांनी फोल्डर आणि एक्सएमएल नव्याने पेन ड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्या मशीनवर जा. फोल्डर चिकटवायचं, ओपन-शेल टाकायचं, फाइल लावायची, बटण डावीकडे न्यायचं. दर मशीनला वीस मिनिटं धरा. आणि प्रत्येक मशीनवर त्या माणसाला समोर बसवून एकदा टॅली, एकदा ई-वे बिल आणि एकदा शट डाऊन त्याच्या हाताने करून घ्या.